सासूखालची सून

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, गोळ्या मी देतोय, पण तुम्ही रोज कुणावर तरी तापणार असाल तर गोळ्यांनी काय करायचं? जे मनात खदखदतं ते लिहून काढत जा. घरातल्यांवर ओतू नका." येता येता सूनबाईनं दुकानातून ही वही घेतली. इतक्या तत्परतेनं तिनं माझ्या गोळ्याही कधी घेतल्या नव्हत्या. म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं असणार.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. आठवीत काही दिवस गेलो ते धरत नाही. तेव्हा कुणी ही वही वाचली तर चुका काढू नयेत. वाचूच नये.

आज तापण्याचं कारण असं. कोर्टाच्या इमारतीसमोर पत्रे ठोकलेत आणि पत्र्यावर फलक लावलाय. 'दर्शनी भागातील दगड ढासळत असल्याने हा रस्ता बंद.' इथपर्यंत ठीक. खाली लिहिलंय, 'कारण : निकृष्ट स्थानिक दगड.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निकृष्टच होतं.

त्या दगडाच्या खाणीवर माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, जन्मभर मुकादम होते. मी स्वतः तिथं दगड वर ओढायची यारी चालवली. खाण बंद पडली तेव्हा शेवटचा चिरा मी वर ओढला. आणि कोण कुठला रंगारी येऊन आम्हाला निकृष्ट म्हणून जातो.

पत्र्याशी शिट्टी गळ्यात अडकवून बसलेल्या रखवालदाराला विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"पेंटरनं."

"पेंटरला कुणी सांगितलं?"

"काका, मला एवढंच सांगितलंय की कुणाला आत सोडायचं नाही. तुम्ही आत चाललाय का?"

"नाही."

"मग माझ्याशी कशाला भांडताय?"

घरी आलो तर डोकं ठणकत होतं. लिहूनही उतरलेलं नाही. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

५ फेब्रुवारी

जेवताना मुलाला फलकाचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पत्र्यावरचं कोण वाचतंय?"

"मी वाचतो."

"तुम्ही सोडून."

मग पाणी पिता पिता बोलून गेला, "तसाही त्या खड्ड्यात आता राडारोडाच जाणार आहे." सूनबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला कळलं, ही गोष्ट तिला माहीत आहे आणि मलाच नाही. खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. गावातल्या पाडकामाचा सगळा कचरा टाकायला नगरपालिका जागा शोधत होती. दगडाची खाण बंद, दगड खराब, खड्डा तयारच. पावसाच्या आधी भरायला सुरुवात. काम ज्याला मिळणार त्याच्याकडेच, म्हणजे कोर्टाच्याच ठेकेदाराकडे, आमचे चिरंजीव डंपर चालवतात.

म्हणजे आज्यानं जन्मभर उपसलेला खड्डा नातू भरणार. मी म्हणालो, "चांगलं आहे. पहिली खेप टाकशील तेव्हा मला पण मागे बसव. मलाही ओत." आणि ताटावरून उठलो.

नंतर भूक लागली. पण आता परत कोणत्या तोंडानं बसायचं? सूनबाईनं ताट झाकून खोलीत आणून ठेवलं आणि एक शब्द बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त टोचतं.

११ फेब्रुवारी

चौकशी करत करत शेवटी जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर पोचलो. जिना असा की चढून जाणाऱ्याची तक्रार वर पोचेपर्यंत दमानं मरावी. तिथं एक बाई बसलेली. वय माझ्या मुलाएवढं, केस कापलेले, पायात बूट. टेबलावर दगडच दगड, प्रत्येकावर चिठ्ठी. जुन्या खाणी आणि इमारतींचे दगड यांची माहिती गोळा करून तिचं पुस्तक होणार आहे, सरकारी. मी तिला मनातल्या मनात दगडवाली म्हणतो.

मी म्हणालो, "निकृष्ट तुम्हीच लिहिलंत का?"

"नाही. ठेकेदारानं. बसा ना."

"बसायला आलो नाही."

"मग उभे राहून चहा घ्या."

चहा घेतला. तिनं एक जुना अहवाल काढला, पानं पिवळी पडलेली. कोणे एके काळी कुणी भूगर्भवाला साहेब आमच्या खाणीवर आला होता, त्यानं थरांची चित्रं काढून ठेवली होती. चित्राशेजारी नावं. जावई, सासू, सून! आमची नावं! छापलेली! मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं खालची ओळ वाचून दाखवली : 'ही नावे मजुरांनी गमतीने दिलेली असून त्यांना शास्त्रीय महत्त्व नाही.' बरं वाटलेलं सगळं गेलं.

गमतीनं म्हणे. ज्याला खाण कळते त्याला ही नावं कळतात. सगळ्यांत वर जावई. अंगात चकाकी, दिसायला देखणा, काढायला सोपा, आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. त्याखाली सासू. काळपट, छिन्नीचं तोंड मोडेल पण ती तुटायची नाही. आणि सासूच्या खाली सून. बारीक, एकजीव, निघते तेव्हा मऊ आणि वारा लागला की कडक होते. चांगलं काम सगळं सुनेत व्हायचं. पण ती काढायची तर सासूच्या पोटाखाली शिरावं लागायचं, डोक्यावर सासूचा छज्जा तसाच लोंबत ठेवून.

दगडवालीनं हसत हसत सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुमच्या मदतीची गरज आहे. महिन्याभरात समितीची बैठक आहे. खाण राखायची की भरायची ते तिथं ठरणार. कोर्टाचा दर्शनी भाग यातल्या कुठल्या थराचा आहे?"

तिनं पुढ्यात कोर्टाच्या भिंतीचा एक कपचा ठेवला. खिडकीतलं ऊन पडलं आणि तो चकाकला. शेंबडं पोरही सांगेल की तो जावई आहे. पण दर्शनी भागाला सून लावायची ठरलेली होती, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. घरी येऊन तात्या आईला सांगायचे, 'कोर्टाला आपली सून चालली.'

मी म्हणालो, "हा दगड आमच्या खाणीचा नाहीच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? मी यारीवर होतो की तुम्ही?"

खरं तर कोर्ट बांधलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. पण हे तिला सांगायची गरज नव्हती.

१२ फेब्रुवारी

आम्लपित्त. सकाळी अंगणात बसून विचार केला की जे म्हणालो ते बरोबरच आहे. बांधणाऱ्यानं बाहेरून कुठून तरी स्वस्तातला दगड आणला असणार आणि नाव आमच्या खाणीचं लावलं असणार. मोठी माणसं असंच करतात.

सूनबाई म्हणाली, "बाबा, दगड तुमचा नाहीच असं तुम्ही सांगितलंत, तर खाण राखायची तरी कशासाठी?"

"तू तुझं काम कर."

"तेच करतेय. तुमच्या कोर्टवारीसाठी धुऊन इस्त्री करतेय." माझा सदरा तिच्या हातात होता. बाहेर जायचा एकच आहे.

१७ फेब्रुवारी

पायांना सवय आहे म्हणून खाणीच्या कडेला जाऊन आलो. खाणीत साचलेलं पाणी खूप खाली गेलंय, सुनेचा थर उघडा पडायला लागलाय. अजून भरपूर आहे ती. कोर्टं बांधावीत एवढी.

तिथं उभं राहिलं की मला गाल आठवतो. ज्या वर्षी कोर्टाचं काम चाललं होतं त्या वर्षी मी एकदा डबा घेऊन खाली उतरलो. सासूखाली सावली असते, तिथं बसून वाट बघावी म्हणून आत शिरलो. तात्यांनी धावत येऊन मला हाताला धरून बाहेर ओढलं आणि अशी थोबाडीत दिली की मी पडलो. सगळ्या गड्यांसमोर. त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही, त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. कारण विचारलं तर सांगितलंही नाही. त्या वर्षी ते सगळ्यांवरच चिडचिड करायचे, सासूखाली कुणाला जाऊ द्यायचे नाहीत. स्वतः मात्र रोज सकाळी वाटीत चुना कालवून आत जायचे आणि वर छताला सारवत बसायचे. खाणीला कुणी रंग लावतं का? गडी पाठीमागे हसायचे. मला शाळेत पोरं चिडवायची, तुझा बाप सासूला पावडर लावतो म्हणून.

एवढ्या वर्षांनी त्या थपडेचा राग येतो म्हणजे माझंही काही खरं नाही.

२४ फेब्रुवारी

जे झालं ते लिहितो. डॉक्टरांनी सांगितलंय.

कोर्टाच्या दर्शनी भागाला परांची बांधली आहे. दगडवालीनं निरोप पाठवला की आज पहिला चिरा उतरवणार, काका, नक्की या. मी आधीच ठरवलं होतं की जाऊन चार लोकांसमोर सांगायचं, हा आमचा नव्हे.

एक बुटका गवंडी वर होता. बोलायला तोंडाळ. "काका, मागे व्हा, तुमच्या वयात डोकं परत बसवून मिळत नाही." चिरा पहारीनं सैल केला, दोरावर खाली घेतला. पुढचं अंग पापडासारखं सुटलेलं. मग त्यानं तो पालथा केला. मागचं अंग इतकी वर्षं भिंतीत बंद होतं, त्याला ना ऊन लागलं होतं ना पाणी. कालच तासल्यासारखं. आणि त्यावर छिन्नीनं मारलेल्या तीन रेघा, एका ठिकाणी मिळणाऱ्या.

आम्ही त्याला कावळ्याचं पाऊल म्हणायचो. तात्या प्रत्येक चिरा स्वतः बघून, ठोकून, आवाज ऐकून पास करायचे आणि मागच्या अंगावर ही खूण स्वतःच्या हातानं मारायचे. दुसऱ्या कुणाला मारू द्यायचे नाहीत. मधली रेघ जरा लांब.

मधली रेघ जरा लांब होती.

गवंडी म्हणाला, "ही कुणाची सही म्हणायची?"

दगडवाली माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मला काय माहीत? गवंड्यांनीच मारली असेल. तुम्ही लोक काय वाटेल ते खरडता."

"आम्ही?" गवंडी म्हणाला. "आम्ही तर तेव्हा पाळण्यातही नव्हतो."

लोक हसले. मी निघून आलो. छत्री तिथंच राहिली.

२५ फेब्रुवारी

गवंडी उद्धट आहे. ठेकेदार चोर आहे. दगडवाली गोड बोलून माणसाला खिंडीत गाठते. नगरपालिकेला कचरा टाकायला दुसरी जागा मिळत नाही म्हणजे काय? डॉक्टर बिनकामाचा आहे. ही वही फाडून टाकणार आहे.

२७ फेब्रुवारी

फाडली नाही.

सूनबाई छत्री घेऊन आली. म्हणजे ती तिकडे गेली होती. दगडवालीशी बोलून आली होती. मी म्हणालो, "सगळ्यांनी मिळून माझ्यावर पाळत ठेवा."

ती समोर बसली. "बाबा, ती खूण आजोबांची आहे ना?"

"नाही."

"तुम्ही खोटं बोलताना कान खाजवता."

मी हात खाली घेतला. ती भाजी निवडत बसली. मीच मग बोललो. म्हणालो, "तुला कळतंय का तुम्ही मला काय करायला सांगताय ते? खाण वाचवायची तर मी उभं राहून सांगायचं की दगड निकृष्ट नव्हता, चांगला दगड खाली होता आणि वाईट दगड पाठवला. कुणी पाठवला? तर माझ्या बापानं. डोळे उघडे ठेवून, सही करून. आणि तो सांगायला आता हयात नाही. म्हणजे खाण राहील आणि तात्या जातील."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर दोन्ही जातील. फलकावर आमचा दगड निकृष्ट ठरलाच आहे."

"मग?" ती म्हणाली.

हे 'मग' तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की मला संताप आला. तिच्या बापावर आलं असतं म्हणजे कळलं असतं.

त्यांनी का केलं असेल? बांधणाऱ्या साहेबानं काही दिलं असेल का? आमच्या घरावर त्या वर्षी नवं छप्पर आलं. नाही, ते आईच्या भावानं घालून दिलं होतं. मला वाटतं त्यानंच. मला नक्की आठवत नाही, आणि विचारावं असं कुणी उरलं नाही.

५ मार्च

बैठक झाली. अक्षर वाकडं येतंय.

नगरपालिकेचं सभागृह. पंखे फिरत होते तरी घाम. ठेकेदार पुढच्या रांगेत पाय पसरून. त्यानं गुळगुळीत कापलेला दगडाचा तुकडा आणला होता, बाहेरून मागवणार आहे तो, आणि सगळ्यांच्या हातात देत होता, लग्नातल्या पानासारखा. मागच्या रांगेत आमचा मुलगा. डंपर सोडून आला होता. मला वाटलं, मालकाच्या बाजूनं बसलाय.

दगडवाली बोलली. तिनं सुनेचा तुकडा दाखवला, तपासून आणलेला. दगड उत्तम, दुरुस्तीला हाच लावा, खाण भरू नका. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, उत्तम दगड खाणीत होता आणि इमारतीला खराब लागला, तर तो काय स्वतः चालत आला?" लोक हसले. अध्यक्षही हसले. "पुरावा काय? याच खाणीचा दगड आहे, सालपटं निघतायत, दिसतंय."

दगडवालीला ती खूण माहीत होती. तिला ती कुणाची तेही माहीत असणार. पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हातातले कागद नीट करत राहिली. मला वाटतं, तिनं पाहिलं असतं तर मी उठलो नसतो, हट्टानं.

मी उठलो. सगळ्यांत आधी फलकावर आलो. म्हणालो, "निकृष्ट लिहिण्याआधी कुणी खाणीत उतरलं होतं का? एक तरी?" अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, मुद्द्यावर या."

"मुद्दा हाच आहे. एका घरात तीन माणसं असतात. एक वाईट निघाला म्हणून घर वाईट म्हणता का? कोर्टाला जावई लागलाय. वरचा थर. सून खाली तशीच आहे. सून लावायची ठरली होती. पाठवला जावई."

ठेकेदार म्हणाला, "कुणी?"

मी तयारी करून गेलो होतो. सांगायचं होतं की कारकुनाची चूक झाली. गाडीवाल्यानं घोटाळा केला. बरीच कारणं होती. आणि माझा हात कानाकडे चालला. मागच्या रांगेत सूनबाई नव्हती, पण मला ती तिथं असल्यासारखी वाटली.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. "मुकादम ते होते. मागच्या अंगावरची खूण त्यांच्या हातची आहे. का पाठवला ते मला माहीत नाही. काहीबाही रचून सांगणार नाही. आता त्यांना निकृष्ट म्हणायचं तर म्हणा, पण खाणीला म्हणू नका. आणि तो फलक आज उतरला पाहिजे."

कुणी हसलं नाही. ठेकेदारानं तेवढ्यात आवाज टाकला, "म्हणजे खानदानीच—" आणि मागून आमचा मुलगा उभा राहून म्हणाला, "साहेब, पुढचा शब्द जपून." आपल्याच मालकाला. मी मागे वळून बघेपर्यंत तो खाली बसला होता.

ठरलं असं, की आधी दुरुस्तीपुरती सून काढून बघायची. तोवर खड्ड्यात काही टाकायचं नाही. फलकाबद्दल कुणी काही बोललं नाही. लिहून घेतो म्हणाले. लिहून घेतो!

घरी येताना मुलगा म्हणाला, "बाबा, रिक्षा करू या?" मी नको म्हणालो. मग केली.

१४ मार्च

पंप लावून पाणी उपसलं. दगडवालीबरोबर आज सासूखाली गेलो. इतक्या वर्षांनी. कमरेत वाकून. ती हातात दिवा घेऊन पुढे. एका जागी थांबली आणि दिवा वर धरला.

छतात सासूला एक तडा आहे, आतून बाहेरपर्यंत गेलेला. आणि तड्यावर आडव्या चुन्याच्या पट्ट्या. एकाशेजारी एक, पुष्कळ. काही मधोमध तुटलेल्या. पाण्याखाली राहूनही चिकटून होत्या.

"हे काय आहे, काका?"

"तात्यांचा उद्योग. रोज सकाळी चुना सारवायचे. सगळे हसायचे."

तिनं एका तुटलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तडा वाढतोय का ते बघायला अशी पट्टी मारतात. चुना लवचीक नसतो. छत जरा जरी सरकलं तरी पट्टी तुटते. ते रोज बघत होते. आणि पट्ट्या तुटत होत्या."

मी म्हणालो, "असेल."

"हे कोणत्या वर्षीचं?"

"कोर्टाच्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघत होतो. तिथंच, त्याच जागी मी डबा घेऊन बसलो होतो.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "मग पुस्तकात लिहा. छत पडेल म्हणून माणसं खाली पाठवली नाहीत, वरचा दगड पाठवला, असं लिहा."

ती म्हणाली, "काका, चुना आहे, तडा आहे, खूण आहे, एवढं लिहिते. त्यांच्या मनात काय होतं ते मला लिहिता येणार नाही. त्याला पुरावा नाही."

संतापानं माझे कान गरम झाले. निकृष्ट लिहायला पुरावा लागत नाही! मोठ्या अक्षरांत, पत्र्यावर, भर रस्त्यात! आणि माणसानं माणसं वाचवली म्हणायला पुरावा पाहिजे!

तिनं ऐकून घेतलं. डोळे पुसत होती. धुळीनं असेल.

आणि तात्यांचाही राग येतो. सांगायचं ना एकदा तरी. मालकाला नाही तर नाही, त्यानं दुसरा मुकादम आणून गडी खाली उतरवले असते हे मलाही कळतं. पण मला? आईला? म्हणायचे, 'कोर्टाला आपली सून चालली.' घरातसुद्धा तेच.

२० मार्च

परवापासून सुनेवर काम सुरू. ठेकेदारानं माणसांना पिवळी हेल्मेटं वाटली आहेत आणि त्यावर तो खूश आहे. सासू अंगावर आली तर हेल्मेटाचं काय होणार? कुंकवाच्या डबीएवढं राहील. लोखंडी टेकू दिलेत, चांगले आहेत, दगडवालीनं उभं राहून लावून घेतले. तरी मी म्हणालो, टेकू बोलत नाहीत.

सूनबाईला चुना आणायला सांगितला. ती आधीच घेऊन आली होती. भिजत घातलाय.

२२ मार्च

सकाळी माणसं यायच्या आत पट्ट्या मारल्या. हात पुरत नाही म्हणून बुटक्या गवंड्यानं घोडी धरली. म्हणतो, "काका, सासूला पावडर लावताय का?" जगात नवीन काही सुचत नाही लोकांना. पण घोडी नीट धरली. उद्यापासून मीच लावतो म्हणाला. बघू.

दुपारी एक गोष्ट घडली. बाहेरच्या कडेची एक पट्टी मला किंचित तुटल्यासारखी वाटली. शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. ठेकेदार ओरडत होता, काम थांबलं म्हणून. तेवढ्यात आमचा मुलगा डंपर लावून आला आणि पंपाची नळी सोडवायला म्हणून सरळ वाकून सासूखाली शिरला.

मी कसा धावलो मला माहीत नाही. मला जिनासुद्धा चढवत नाही. त्याला दंडाला धरून बाहेर ओढला आणि हात उठला. चेहऱ्यावरच बसला. सगळ्या माणसांसमोर. चाळिशी ओलांडलेला माणूस तो, पोटाला कमरपट्टा लावून फिरतो.

तो गालावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, काय केलं मी?"

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. गवंड्यानं मला धरून दगडावर बसवलं, पाणी दिलं.

मग दगडवालीनं दिवा नेऊन बघितलं. पट्टी तुटली नव्हती. कोळिष्टक होतं.

तिनं खात्री केली, मीही दोनदा केली. काम पुन्हा सुरू झालं. मुलगा अजून गाल चोळत होता. संध्याकाळी घरी त्यानं सूनबाईला सांगितलं, तर ती हसत सुटली, आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

आत्ता तो दारात येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "बाबा, उद्या तुम्हाला खाणीवर सोडू का गाडीनं? चुन्याची बादली जड असते."

मी हो म्हणालो. आणखी काहीतरी म्हणायचं होतं. बादलीवर झाकण ठेव म्हणालो.